धर्म आणि ख्रिस्त : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेतील मुख्य व गौण यांचा विवेक

(१) प्रास्ताविक

धर्मांतराच्या इतिहासात तारखेला सहजच अवास्तव महत्त्व येते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दिवस, महिना आणि साल लिहिलेले असते, साक्षीदारांची नावे असतात. त्यामुळे संशोधकाला तेथे पाय रोवून उभे राहता येते. परंतु मनुष्याने आपल्या श्रद्धेत मुख्य काय आणि गौण काय हे केव्हा ओळखले, आणि जे मुख्य म्हणून ओळखले त्याच्या स्वाधीन तो केव्हा झाला, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती त्याच्या पत्रांतून, वादांतून आणि पुढील आचरणातून शोधून काढावी लागते.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात २९ सप्टेंबर १८८३ या दिवसाला असे स्थान मिळालेले आहे. त्या दिवशी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह अँग्लिकन चर्चचा बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रातील पुष्कळांनी त्या आपल्यातून गेल्या असे मानले, आणि वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्या आपल्यात आल्या असे मानले. पुढील सुमारे चाळीस वर्षांचा वृत्तान्त पाहिला म्हणजे या दोन्ही समजुती अपुऱ्या ठरतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, रमाबाईंचे धर्मांतर हा एका दिवसाचा प्रसंग नसून मुख्य आणि गौण यांच्या विवेकाची ती एक दीर्घ प्रक्रिया होती. त्यांच्या उत्तरायुष्यातील संपूर्ण समर्पणाचा उगम या विवेकात आहे, आणि त्या समर्पणाबद्दल त्यांना जी किंमत द्यावी लागली तिचाही उगम तेथेच आहे.

या विषयाची प्रमुख साधने दोन. पहिले साधन म्हणजे १८८३ नंतरच्या काळातील रमाबाईंचा पत्रव्यवहार. तो सिस्टर जेराल्डीन यांनी जपून संकलित केला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे साधन म्हणजे रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेली आपल्या विश्वासाची साक्ष. पत्रे त्या त्या क्षणाची आहेत. साक्ष पुष्कळ वर्षांनंतर, एका निश्चित श्रद्धेच्या भूमीवरून मागे वळून पाहत लिहिलेली आहे. या दोन साधनांचा मेळ कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, हे पाहणे आपल्या विवेचनास उपकारक होईल.

(२) शास्त्राध्ययनातून उद्भवलेला प्रश्न

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करून गंगामूळच्या अरण्यात वास्तव्य केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडिलांचा आणि वडील बहिणीचा अंत झाला. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई, पायी प्रवास करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंचा गौरव केला आणि ‘सरस्वती’ ही पदवी त्यांना प्राप्त झाली.

येथपर्यंतच्या वृत्तान्तात रमाबाईंची विद्वत्ता दिसते. त्यांचा प्रश्न अजून दिसत नाही. तो कलकत्त्यात उत्पन्न झाला. स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत अशी त्यांना विनंती झाली, आणि त्यासाठी त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने वाचू लागल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रियांना ज्याचा अधिकार नाही असे लहानपणापासून ऐकले होते, तो ग्रंथ त्यांनी उघडला. या अध्ययनाचे फलित त्यांनी आपल्या साक्षीत नमूद केले आहे. इतर बाबतीत शास्त्रांचे परस्परांशी कितीही मतभेद असोत, स्त्री स्वभावतः सदोष आहे आणि स्त्री म्हणून तिला मोक्ष नाही, या एका बाबतीत बहुतेक ग्रंथांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. त्यांचे हे वाचन सर्वांगीण होते की नाही याविषयी वाद होऊ शकेल. परंतु त्यांच्या मनातील प्रश्न कोणता होता, याविषयी वादास जागा नाही. ज्याला कोणताही अधिकार नाही, कोणतेही पुण्य गाठीस नाही, त्याच्यासाठी मुक्ती आहे काय? हाच तो प्रश्न. पुढील सर्व आयुष्यात त्यांनी प्रत्येक मत, प्रत्येक संस्था आणि प्रत्येक आचार याच प्रश्नाच्या कसोटीला लावला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

बंधूच्या निधनानंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मो विचारांच्या वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चर येथे त्यांच्या घरच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली आणि तेथील एका मिशनऱ्याकडून त्यांना बायबलची पहिली माहिती मिळाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केली आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. नीळकंठ (नेहेम्या) गोऱ्हे यांच्याशी त्यांचा परिचय याच काळातला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकीय शिक्षण घ्यावयाचे या उद्देशाने. परंतु श्रवणशक्ती अधू असल्यामुळे तो बेत सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये ज्या एका अनुभवाने त्यांच्यावर सर्वाधिक परिणाम केला, तो धर्मशास्त्राच्या चर्चेचा नव्हता. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथील आपल्या आश्रमात नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा तेथे चालत असे. अशा स्त्रियांना शासन करण्याऐवजी त्यांची माया करावी, हे काय प्रकरण आहे, असा प्रश्न रमाबाईंनी केला. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग वाचून दाखविण्यात आला. कलकत्त्यास उद्भवलेल्या प्रश्नाला येथे प्रथम उत्तर मिळाले असे रमाबाईंना वाटले. गोऱ्हे यांच्या लेखनाने बौद्धिक शंकांचे काहीसे निरसन केले होतेच. सप्टेंबरअखेर बाप्तिस्मा झाला.

(३) वाँटेज आणि चेल्टनहॅम येथील वाद

बाप्तिस्म्यानंतर शंका संपल्या असत्या, तर रमाबाईंचे चरित्र तत्कालीन इतर अनेक धर्मांतरितांच्या चरित्रांसारखे झाले असते. परंतु वाद खरा सुरू झाला तो त्यानंतर. १८८४ पासून १८८६ पर्यंत त्या चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात होत्या; तेथे संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी व शास्त्रीय विषयांचे अध्ययन करीत. या काळात सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो एकोणिसाव्या शतकातील धर्मविचाराचा एक असामान्य दस्तऐवज आहे. जेराल्डीनबाई त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणून संबोधीत. या जिव्हाळ्याच्या नात्यातच मतभेद वाढत गेले, म्हणून त्यांची धार अधिक लागते.

वादाचे मुद्दे वरवर पाहता भिन्न भिन्न आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना जसा सांगण्यात आला तसा पटेना. अथानेशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेला मतांगीकार, त्यातील न मानणारांस नाशाची भीती घालणाऱ्या वाक्यांसह, त्या उच्चारावयास तयार नव्हत्या. येशूच्या कुमारीपासून झालेल्या जन्मासंबंधीही त्यांनी शंका काढल्या. ख्रिस्ती होण्यासाठी शुभवर्तमानात जेवढे मागितले आहे तेवढे आपण मान्य केले आहे; चर्चने पुढे जी भर घातली ती मान्य करण्यास आपण बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका होती. पौरोहित्याच्या एका जोखडातून आपण नुकत्याच सुटलो आहोत, तेव्हा पुरोहित सांगतील ती ईश्वराची आज्ञा असे मानून दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या १८८५ मधील एका पत्राचा आशय आहे.

याच काळातील तीन व्यवहारी प्रसंग या तात्त्विक वादाइतकेच अर्थपूर्ण आहेत. पहिला प्रसंग आहाराचा. रमाबाई शाकाहारी राहिल्या, आणि भगिनींना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला. दुसरा प्रसंग अध्यापनाचा. पुरुष विद्यार्थ्यांना रमाबाईंनी शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी तीस हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली होती, तिला हा निर्बंध ख्रिस्ती धर्माचा भाग वाटणे शक्य नव्हते. तिसरा प्रसंग गळ्यातील क्रुसाचा. त्यावर लॅटिन अक्षरे असावीत असे भगिनींचे मत. रमाबाईंचे म्हणणे असे की, लॅटिन आपल्याला कळत नाही आणि आपल्या देशभगिनींनाही कळणार नाही. तेव्हा अक्षरे संस्कृतात असावीत. लॅटिन भाषेत असे काय अधिक पावित्र्य आहे, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. ब्राह्मण संस्कृतला जसे सामान्यांच्या उच्चारापलीकडे पवित्र मानतात, तसेच भगिनी लॅटिनला मानतात काय, हा त्यातील टोला पंडितेलाच सुचावा असा आहे.

या सर्व प्रसंगांतून एकच विवेक व्यक्त होतो. ख्रिस्ती श्रद्धेबरोबर आलेल्या गोष्टींपैकी श्रद्धेचा प्राण कोणता आणि एका विशिष्ट देशाच्या, पंथाच्या वा वर्गाच्या सवयी कोणत्या, याची निवड रमाबाई स्वतः करू पाहत होत्या. ही निवड करण्याचा अधिकार नवदीक्षित व्यक्तीस नाही, तो चर्चचा आहे, असे जेराल्डीनबाईंना प्रामाणिकपणे वाटे. महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी अधिक उदारपणे रमाबाईंच्या शंकांना दीर्घ पत्रोत्तरे दिली.

येथे गोऱ्हे यांच्याशी तुलना उद्बोधक होईल. ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहिणारे हे प्रकांड पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनाही आयुष्यभर शंकांनी छळले; परंतु त्यांवरील उतारा त्यांनी चर्चच्या परंपरेत आणि अधिकारात शोधला, आणि त्या दिशेने ते उत्तरोत्तर अधिक खोल गेले. रमाबाईंनी त्यांच्याकडून प्रेरणा घेतली, पण मार्ग नेमका उलट धरला. शब्दप्रामाण्याच्या वातावरणात वाढलेल्या दोन पंडितांपैकी एकाने नवे प्रमाण शोधले आणि दुसऱ्याने प्रमाणाचीच परीक्षा मांडली. या स्वतंत्र वृत्तीची दखल स्वदेशातही घेतली गेली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सत्सार’ मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराचा कैवार घेतला.

(४) १८९१ : दुसरे परिवर्तन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि वर्षअखेर बॉस्टन येथे रमाबाई मंडळाची स्थापना झाली. विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे मंडळाने पत्करले. शाळेत कोणत्याही पंथाचे शिक्षण द्यावयाचे नाही आणि मुलींच्या आचारस्वातंत्र्यास बाध आणावयाचा नाही, हे धोरण ठरले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीनजीक शारदा सदन सुरू झाले आणि १८९० च्या अखेरीस ते पुण्यास आले.

आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडलेला नाही. हॅझलम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले होते. धर्मोपदेशकाचे काम करीत असूनही आपले अंतःपरिवर्तन झालेले नव्हते, असा त्या गृहस्थाचा कबुलीजबाब होता. रमाबाईंनी तो आपल्याला लावून पाहिला. त्यांनी मतांचा अभ्यास केला होता, आचारांची तुलना केली होती, आणि एक उत्तम धर्म निवडला होता. परंतु निवड करणारी बुद्धी त्या निवडीच्या बाहेरच उभी होती. कोणत्याही पुण्याईवाचून, जसे आहोत तसे, ख्रिस्ताच्या स्वाधीन होणे हा श्रद्धेचा मुख्य भाग आहे, असा निर्णय त्यांनी १८९१ च्या सुमारास केला, आणि त्यानंतर मागे पाहिले नाही.

साधनांच्या तारतम्याचा प्रश्न येथे उपस्थित होतो. १९०७ च्या साक्षीवरून असा ग्रह होतो की, १८८३ ते १८९१ ही वर्षे कोरड्या, बुद्धिप्रधान धर्माची होती. पत्रे याला पूर्ण दुजोरा देत नाहीत. चेल्टनहॅमची रमाबाई कोरडी नाही. तिची प्रार्थना आणि तिची ईश्वरनिष्ठा पत्रापत्रांतून जाणवते. उत्तरायुष्यातील श्रद्धेने पूर्वायुष्याचा निवाडा केला आहे, आणि तो काहीसा कठोर आहे, असे म्हणावे लागते. शिवाय, चर्चच्या मतांची छाननी करून गौण भाग बाजूस सारण्याचे जे काम १८८५ मध्ये झाले, त्याशिवाय १८९१ मध्ये मुख्य भागाशी अशी थेट गाठ पडली असती काय, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. मात्र एक फरक मान्य केला पाहिजे. १८८५ चा विवेक नकाराचा होता. अमुक आवश्यक नाही, तमुक आवश्यक नाही, असे तो सांगत होता. १८९१ चा विवेक स्वीकाराचा होता. त्रैक्यादी ज्या मतांशी त्या पूर्वी झगडल्या, ती मते त्यांनी पुढे आपल्या श्रद्धेत सामावून घेतली. परंतु एका पंथाची आज्ञा म्हणून नव्हे.

(५) शारदा सदनाचा वाद

या परिवर्तनाची पहिली झळ शारदा सदनास लागली. पुण्यातील सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक होते. रमाबाई आपल्या खोलीत कन्येसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. ऑगस्ट १८९३ मध्ये सल्लागारांनी आपला संबंध तोडला आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. त्याच वर्षी ११ मार्च रोजी सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला होता, ही गोष्ट येथे नमूद करणे उचित होईल. सदनाचे फळ केवळ धर्मांतराचे होते, हा आक्षेप तिने खोडला जातो.

या वादात कोणाची बाजू न्याय्य, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रमाबाईंचे समर्थक म्हणतात की, शाळेत बायबल शिकविले गेले नाही, कोणावर सक्ती झाली नाही, तेव्हा वचनभंग झाला नाही. टीकाकार म्हणतात की, जिने निराधार मुलीला आश्रय दिला, आईची माया लावली, तिची प्रार्थना ऐकणे हेच त्या मुलीच्या मनावर मोठे दडपण आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. कराराच्या शब्दांचे पालन झाले असे पुराव्यावरून दिसते. परंतु तो करार ज्या गृहीतावर उभा होता ते गृहीतच मधल्या काळात नाहीसे झाले होते. धर्म ही व्यक्तीची खासगी बाब असून ती शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवता येते, असे बॉस्टनचे उदारमतवादी मानीत आणि पुण्याचे सुधारकही मानीत. १८८९ च्या रमाबाईंना ते मान्य करणे जड गेले नसावे. १८९१ नंतर मात्र त्यांच्या लेखी श्रद्धा आणि जीवन हे दोन पदार्थ राहिले नाहीत. आपल्याला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, तिच्यावर पडदा ओढून मुलींमध्ये वावरणे हे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले, तर सल्लागारांना पडदा न ओढणे हे अप्रामाणिकपणाचे वाटले. हा दोन प्रामाणिक निष्ठांचा संघर्ष होता. त्याची झळ मात्र ज्या मुली शिक्षण सोडून घरी परत गेल्या त्यांना सर्वाधिक लागली, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

(६) केडगाव : समर्पणाचे स्वरूप

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतःच्या आई-वडिलांचा दुष्काळातील अंत ज्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, त्या रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते. दौंडच्या वाटेवर केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नासाठी म्हणून जी जमीन घेतलेली होती, तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हीच मुक्ती सदनाची सुरुवात. १८९८ मध्ये बॉस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर येथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छपाई, शिवण, तेलाची घाणी असे नाना उद्योग बायकाच चालवीत. आंधळ्यांसाठी, वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग झाले. ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलम येथे १८८३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे हे रमाबाईंनी स्वतः दिलेले उत्तर होते.

मुक्ती सदन कोणत्याही एका पंथाच्या मिशनशी जोडलेले नव्हते. वाँटेजच्या पत्रांत जो मुद्दा वादाचा होता, तो येथे संस्थेची घटना होऊन बसला. १९०५ मध्ये येथे जी धर्मजागृती झाली, तिच्या प्रसंगीही हीच वृत्ती दिसून येते. प्रार्थनेच्या आवेगात काही मुली अपरिचित भाषांत बोलू लागल्या, आणि जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव गेले. परंतु ती खूण प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या ठिकाणी आढळलीच पाहिजे, असा आग्रह मुक्ती सदनाने धरला नाही.

समर्पणाचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. १८८२ मध्ये आयोगापुढे निर्भयपणे बोलणाऱ्या रमाबाई १९०० नंतर सार्वजनिक वादांतून जवळजवळ निवृत्त झाल्या. सुधारकांच्या सभांतून त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला, आणि महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासांतही त्यांचे नाव बराच काळ मागे पडले. एकाच गोष्टीला सर्वस्व दिले म्हणजे इतर गोष्टींना द्यावयास काही उरत नाही. हे नुकसान महाराष्ट्राचे झाले, हे रमाबाईंच्या चाहत्यांनीही मान्य करावयास हरकत नाही.

(७) भाषेची कसोटी

आयुष्याच्या उत्तरार्धातील बरीच वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास दिली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुळारी आणि छापणाऱ्या सदनातल्याच बायका होत्या. प्रचलित भाषांतराची भाषा खेड्यातील साध्या बाईला कळत नाही आणि त्यातील पुष्कळ संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाच्या अर्थांनी भारलेले आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून ‘सरस्वती’ पदवी मिळविलेल्या या विदुषीने आपल्या लेखणीतून संस्कृत शब्द निवडून निवडून काढून टाकले.

इंग्लंडमध्ये क्रुसावर संस्कृत अक्षरांचा हट्ट धरणारी स्त्री पुढे संस्कृतचाच त्याग करते, यात प्रथमदर्शनी विसंगती वाटते. परंतु दोन्ही वेळी कारण एकच आहे. लॅटिन नको, कारण देशभगिनींना ती कळणार नाही. संस्कृत नको, कारण दुष्काळातून आलेल्या मुलीला ती कळणार नाही. भाषा, मग ती कितीही प्रिय असो, साधन आहे. शब्दनिष्ठेच्या आग्रहामुळे हे भाषांतर अनेक ठिकाणी रुक्ष झाले आणि चर्चच्या उपासनेत ते रुळले नाही, हेही खरे. तथापि, स्वतःची सर्वांत मोठी संपत्ती जी संस्कृत विद्या, तीही रमाबाईंनी गौण ठरविली, हे त्यांच्या समर्पणाचे बलवत्तर प्रमाण आहे. २४ जुलै १९२१ रोजी कन्या मनोरमा निवर्तली. त्या आघातानंतरही काम थांबले नाही. भाषांतर पुरे झाल्यावर अल्पावधीतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

(८) समारोप

रमाबाईंचे उदाहरण एकाकी नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. धर्मसंस्था आणि ख्रिस्त यांतील भेद त्यांनाही दीक्षेनंतर पुष्कळ वर्षांनी इतक्या स्पष्टपणे कृतीत आणता आला. महाराष्ट्रातील ख्रिस्ती विचाराचा हा एक विशेष म्हणता येईल काय, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

प्रस्तुत विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, रमाबाईंच्या धर्मांतराचा विचार १८८३ या एका सालाभोवती करणे अपुरे आहे. १८८५ चा नकार आणि १८९१ चा स्वीकार हे त्याचे अविभाज्य भाग आहेत. दुसरा असा की, १८९३ चा वाद वचनभंगाच्या दृष्टीने न पाहता, धर्म म्हणजे काय याविषयीच्या दोन कल्पनांचा संघर्ष म्हणून पाहिला, तर दोन्ही पक्षांना न्याय देता येतो. तिसरा निष्कर्ष अधिक सामान्य स्वरूपाचा आहे. संपूर्ण समर्पण म्हणजे विवेकाचा त्याग, असा एक समज आहे. रमाबाईंच्या बाबतीत तो खोटा ठरतो. त्यांनी प्रथम पारखले आणि मग दिले; आणि देऊन झाल्यावरही त्यांचे पारखणे थांबले नाही. पेंटेकॉस्टल जागृतीच्या ऐन भरात किंवा हिब्रू शब्दाला मराठी शब्द शोधताना, मुख्य कोणते आणि गौण कोणते, हा कलकत्त्याच्या दिवसांपासून त्यांच्यासोबत असलेला प्रश्न त्या स्वतःस विचारीतच राहिल्या.